कोरडी जोडणी

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरमालकांकडे एकतीस अमेरिकन मोटारी होत्या आणि ऑफिसला ते सायकलवर जायचे. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "खेळण्यातल्या का?" त्यांच्यासमोर हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यानं काढला. काकांनी त्याला चहा दिला, पण बशी दिली नाही. कुणाचा अपमान करायचा तर त्यांची मजल तेवढीच.

काका म्हणते, पण नात्यातले नव्हेत. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे राहायचे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको भाडेकरू. हे आणि काका एकाच सरकारी कचेरीत, एकाच विभागात. काका वीस वर्षांनी मोठे, पण हुद्दा दोघांचा एकच, कारण वर चढायची वेळ आली की काका म्हणायचे, "जरा थांबून बघू." लग्नासाठी म्हणे तीन मुली पाहिल्या होत्या. तिन्ही वेळा थांबून बघितलं. त्या तिघी कधीच्या सासरी नांदल्या, मुलं मॅट्रिक झाली, काका आपले थांबलेलेच.

मोटारी यायच्या पुठ्ठ्याच्या डब्यांतून. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेला शिकायला गेला तो तिकडचाच झाला. पत्राचा त्याला कंटाळा. त्याऐवजी चार-सहा महिन्यांनी एक डबा पाठवायचा. डब्यावर झकपक मोटारीचं चित्र, आत प्लास्टिकच्या डहाळ्या, आणि डहाळ्यांना लटकलेले भाग: चाकं, दारं, दिवे, नखाएवढं स्टिअरिंग. सोबत कुठला भाग कुठं चिकटवायचा त्याचा इंग्रजी कागद. ह्या मोटारी तिकडच्या रस्त्यांवर पंचवीस-तीस वर्षांमागं धावायच्या, खऱ्या मोडीत गेल्या, आता लोक घरी बसून त्यांच्या चिमुकल्या नकला जोडतात, असं काका सांगायचे. मी शाळा चौथीतच सोडलेली. इंग्रजी आकडे आणि अक्षरं शिकले ती त्या कागदांवरून. काका उर्दूत शिकलेले, त्यांचंही इंग्रजी अडखळत. आम्ही दोघं मिळून एक ओळ लावायचो आणि एवढं मोठं काम केल्यासारखं एकमेकांकडं बघायचो.

भावाची खुशाली काका डब्यावरून ओळखायचे. "दोन दारांची पाठवलीय. म्हणजे अजून एकटाच आहे." एकदा चार दारांची आली, मागं सामानाची पेटी असलेली. काका दोन दिवस जेवले नाहीत धड. "सूनबाई, ह्यानं न कळवता लग्न केलं." मी हसले. सहा महिन्यांनी फोटो आला, शेजारी बायको उभी. मग मी हसायची बंद झाले.

ते सतत कशाची ना कशाची काळजी करायचे. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, ओढून बघायचे. अमेरिकन मोटारीचं स्टिअरिंग डावीकडं असतं, ते त्यांना चालायचं नाही. ब्लेडनं आतली पट्टी कापून ते प्रत्येक मोटारीचं स्टिअरिंग उजवीकडं आणायचे. चार-चार दिवस जायचे त्यात.

"अहो काका, कोण चालवणार आहे ती?"

"कुणी नाही."

"मग?"

"पण चालवली तर? आबिद रोडवर समोरून बस आली तर?"

बोटभर मोटार आणि समोरून बस. पण त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपल्यालाही ती बस दिसायची.

एखादा भाग खाली पडला की घर थांबलंच. झाडू बंद, पाणी बंद, पंखा बंद. आमची तेलुगू कामवाली कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बोम्म कारु कोसं इंत गोडवा?" खेळण्यातल्या गाडीसाठी एवढा गोंधळ! काका तेलुगू उत्तम समजायचे, पण ते वाक्य त्यांना कधी समजलं नाही. ते गुडघ्यांवर, तळहातानं फरशी चाचपत. सापडल्यावर भाग हातात घेऊन भिंतीला टेकून बसायचे, घामाघूम. मला वाटायचं, नखाएवढ्या गोष्टीसाठी ह्या माणसाचं काळीज थांबायचं एक दिवस.

त्या मोटारींना पुढं-मागं चकाकत्या पट्ट्या असतात. काका त्यांना चांदीचा वर्ख लावायचे, मिठाईवर लावतात तो. चारमिनारच्या मागं वर्ख कुटणारे बसतात, तिथून आणायचे. वर्ख म्हणजे काय, श्वास लागला तरी उडतो. म्हणून ते काम दोघांचं. मी कागद धरायचा, त्यांनी ओल्या काडीनं वर्ख उचलायचा. मागच्या लाल दिव्यांना माझ्या करंड्यातलं कुंकू. डिंक मात्र अमेरिकेचाच, नळीतला, नाकाला झोंबणारा.

आणि डिंकाच्या आधी कोरडी जोडणी. हा त्यांचा नेम. सगळे भाग डिंकाशिवाय बसवायचे, शिवायच्या दोऱ्यानं बांधायचे, आणि मोटार आठ दिवस टेबलावर तशीच ठेवायची. येता-जाता बघायची. कुठं फट दिसते, कुठला दरवाजा तिरका. आठ दिवसांनी दोरा सोडायचा आणि मगच डिंक.

"डिंक लागला की झालं, सूनबाई. मग काढता येत नाही. काढलं तर तुटतं."

संध्याकाळी मी कागद धरून बसायची आणि तोंड चालूच. लहानपणापासूनची खोड आहे माझी, हात अडकले की तोंड सुटतं. माझ्या आईचं सांगायची. ती हिमायतनगरला मावशीपाशी होती, उजवं अंग लुळं पडलेलं, वाचा गेलेली. मी एकुलती एक. रोज दुपारी नारायणगुड्यावरून चालत जाऊन तिला भरवून यायची, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचं ती गिळत नसे, दात आवळून धरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला गाडीत घालून कुठं नेऊ नका. काका ऐकतात असं मला कधी वाटलं नाही. त्यांचं लक्ष वर्खावर. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला बोलल्याशिवाय राहवायचं नाही म्हणून मी बोलत होते.

मग हैदराबाद राज्य मोडायचे दिवस आले. मराठी जिल्हे मुंबई राज्यात जायचे, कानडी म्हैसूरला, आणि आमचं हैदराबाद शहर तेलुगू राज्याची राजधानी व्हायचं. आता हे एका ओळीत लिहून झालं. तेव्हा मात्र सरकारी नोकराच्या घरात दुसरा विषय नव्हता. कोण जाणार, कोण राहणार? भाजीवाला विचारायचा, "क्या अम्मा, आप लोगां जारे क्या रैरे?" बायका लोणचं घालताना थांबायच्या: बरणी मोठी भरावी की लहान? कचेरीत पसंतीचे अर्ज निघाले. कुठल्या राज्यात जायचं ते लिहायचं, सही करायची, ठरल्या शनिवारी द्यायचं.

आमच्या ह्यांना जायचं होतं. त्यांची आई नांदेडला, थोरल्या दिरांकडं, आणि दर पत्रात एकच ओळ: "डोळे मिटायच्या आत जवळ ये." नांदेड नाही तर औरंगाबाद, पण त्या बाजूला. ह्यांनी मला विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी म्हणाले, "तुम्ही ठरवाल तसं." त्या काळी आम्हाला दुसरं वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या आईचं काय, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

त्याच आठवड्यात ह्यांना मुदतीचा ताप आला. चौथ्या दिवशी बोलण्यात असंबद्धपणा आला. त्यातच शुक्रवारी ते उठून बसले, अर्ज मागितला, 'मुंबई राज्य' लिहून सही केली आणि काकांच्या हातात दिला. "काका, उद्या शेवटचा दिवस. न्या." एवढं बोलून आडवे झाले ते पुन्हा त्या ग्लानीत गेले.

शनिवारी अर्धा दिवस कचेरी. अकराच्या सुमाराला अंगणात सायकल वाजली. काका नोकरीत मधूनच उठून घरी आल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. दारात उभे, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. खिशातून घडी घातलेला अर्ज काढला.

"दिला नाही," ते म्हणाले.

"का?"

"सूनबाई, ही तापातली सही आहे. थांबायला वेळ असता तर थांबलो असतो. आज दोनला खिडकी बंद. अर्ज गेला तर ते जाणार. नाही गेला तर सहसा आहे तिथंच ठेवतात, असं वरचे म्हणतात. खात्री नाही." मग आत खाटेकडं बघून हळू आवाजात, "तुमच्या आई दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाहीत ना?"

म्हणजे सगळं ऐकलं होतं त्यांनी. वर्ख उचलताना, काडी ओली करताना.

आत हे कण्हत होते. कपाळावरची पट्टी सुकली होती, ती बदलायला हवी होती, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं. ह्यांना हलवलं, हाक मारली. डोळे उघडले नाहीत. एकीकडं त्यांची आई दाराशी बसलेली दिसत होती, एकीकडं माझी, दात आवळलेली. काका दारातच उभे. माझ्या उत्तराची एवढी वाट त्याआधी कुणी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

"नका देऊ," मी म्हणाले.

"नक्की?"

"नका देऊ, काका. आणि ह्यांना सांगू नका."

त्यांनी अर्जाची आणखी एक घडी घातली, खिशात ठेवला, आणि सायकलवर बसून कचेरीला परत गेले. फाटकाशी थांबले नाहीत, मागं वळून बघितलं नाही.

ताप उतरला. पहिली पेज घेताना ह्यांनी विचारलं, "अर्ज दिलात ना, काका?" काका म्हणाले, "तुमचं काम झालं." मग यादीची वाट बघणं सुरू झालं. ते दिवस मी कसे काढले! हे बरे झाले तसे जायच्या तयारीला लागले. मोठा पलंग विकला. आईला पत्र गेलं, येतोय. मी हो-हो करत भांडी पुसत होते आणि फाटक वाजलं की हातातलं भांडं पडायचं. दोन्हीकडची भीती होती. यादीत नाव आलं तर आई, नाही आलं तर चौकशी: अर्ज गेला कुठं? पुढच्या खोलीत काका एकतिसावी मोटार जोडत होते, लांबलचक बोनेटची, आम्ही तिला 'नाकाडी' म्हणायचो. दोरा बांधून तीन आठवडे झाले तरी त्यांनी तिला डिंक लावला नाही. मी कागद धरायला जायची, पण बोलणं बंद होतं.

यादी लागली त्या दिवशी हे दुपारीच घरी आले. पायरीवर बसले. चप्पल काढली नाही.

"माझं नाव नाही," ते म्हणाले. "आपण इथंच."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पण काकांचं आहे. औरंगाबाद. अगं, आमच्या विभागातून एकच मराठी माणूस जायचा होता. दोघंच तर आम्ही. माझा अर्ज गेलाय म्हणून काका राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी राहण्याचा अर्ज आधीच दिला होता. मग असं कसं झालं?"

दोघांपैकी एक. हे मला माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं. त्या शनिवारी, दारात उभं राहून मला "नक्की?" विचारताना माहीत होतं.

हे उठलेच. "मी वर लिहितो. चूक झालीय. काकांच्या जागी मी जातो." काका तेव्हाच फाटकातून सायकल आत घेत होते. त्यांनी ऐकलं.

"काही लिहू नका," काका म्हणाले. "कागद कुठं तरी दबला असेल. सरकारी काम आहे."

"पण तुमचं घर इथं, काका! तुमच्या मोटारी!"

"मोटारी जातात हो. मोटारीच त्या."

आयुष्यात एवढा एकच विनोद त्यांनी केला, आणि आम्ही दोघंही हसलो नाही. हे ऐकेनात तेव्हा काका चिडले. चिडलेले मी तेवढेच पाहिले. "तुम्ही नुकते मरणातून उठलात. तिकडचं पाणी कसं, हवा कशी, काही ठाऊक नाही. लिहिलंत तर तुमच्याशी बोलणार नाही." ह्यांना वाटलं, म्हाताऱ्याची माया. ह्यांचे डोळे भरले. मी स्वयंपाकघरात गेले.

मोटारी बांधायला त्यांनी लाड बाजारातला काचेच्या बांगड्या बांधणारा आणला. तो पत्र्याच्या पेटीत भुशाचे थर देत एकेक मोटार निजवत होता आणि काका डोक्याशी उभे.

"आडवी नको. हां. चाकाला भुसा जास्त."

"फिकर नक्को करो साब. मेरे हाथ की बंधी चुडियां बम्बई जातीं, एक नै टूटती."

"पण गाडीत कुणी वर ट्रंक ठेवली तर?"

"तो उसपे आप बैठ जाओ," तो म्हणाला.

आणि काका खरंच बसले. काचीगुड्याहून गाडी सुटली तेव्हा ते पेटीवर बसलेले, पेटीभोवती दुहेरी सुतळी. हे खिडकीशी हात धरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझ्या जागी तुम्ही चाललात, काका." काकांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी तिथंच सगळं बोलून टाकलं असतं, ते त्यांना ठाऊक असावं.

माझी आई पुढं तीन वर्षं जगली, माझ्या हातचं खाऊन. सासूबाई दुसऱ्याच वर्षी गेल्या. तार आली, हे धावले, पोचले तेव्हा अस्थी गोळा करायची वेळ झाली होती. ह्यांनी मला कधी दोष दिला नाही. द्यायला काही माहीतच नव्हतं. पण ते स्वतःला खात राहिले: आईपाशी पोचलो नाही, आणि काकांना आपल्यामुळं घर सोडावं लागलं. जेवताना मधेच घास थांबायचा.

त्या यादीनंतर चार वर्षांनी नांदेडला सासूबाईंच्या श्राद्धाला गेलो तेव्हा हे हट्टानं मला पुढं औरंगाबादला घेऊन गेले. काकांची खोली माडीवर, वर पत्रा, उन्हाळ्याचे दिवस. काका वाळले होते. खाटेखाली ती पेटी, भोवती तीच सुतळी, तीच गाठ.

"काका, उघडली नाही?" ह्यांनी विचारलं.

"कपाट मिळालं की उघडू. इथलं अजून पक्कं नाही."

हे दुसऱ्या दिवशीच्या गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेले. मला राहवेना. मोटारी नीट आहेत एवढं डोळ्यांनी बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. माझ्यासाठीच. "उघडू या ना," मी म्हणाले. ते थोडे घुटमळले. माझ्याकडं बघितलं, आणि खाली बसून गाठ सोडायला लागले.

वरचा भुसा काढला. पत्र्याखालच्या चार उन्हाळ्यांनी प्लास्टिक वितळलं नव्हतं, पण वाकलं होतं. छतं खचलेली, दारं बाहेर वळलेली, चाकं आत मुडपलेली. खालच्या थरातली एक काढली, दुसरी काढली. सगळ्याच. आजारी माणसांनी कुशीवर वळावं तशा. नाकाडीचं ते लांब बोनेट मधूनच पिळलं होतं. काकांनी ती तळहातावर घेतली, अंगठ्यानं दाबून सरळ करायला बघितली, आणि थांबले. मी रडायला लागले.

"रडू नका," ते म्हणाले. "ते येतील एवढ्यात. भुसा घाला. आधी भुसा घाला."

"काका, मी त्यांना सगळं सांगते आता."

"काय सांगाल? मोटारी गेल्या कळलं तर ते म्हणतील, माझ्यामुळं गेल्या. मग पुन्हा विचारतील, अर्ज कुठं गेला. जेवतात का धड?"

"नाही."

"मग?"

आम्ही दोघांनी भुसा भरला. त्यांनी सुतळी बांधली, मी गाठीवर बोट धरलं. जिना वाजला.

"काय, पेटी पाहिली का?" हे आत येत म्हणाले.

"पाहिली," मी म्हणाले. "सगळ्या जशाच्या तशा आहेत."

"एकही बिघडली नाही?"

"एकही नाही."

हे खाटेवर बसले, त्या पेटीच्या वर, आणि लहान मुलासारखे हसले. "बघा! मी उगाच चार वर्षं मनाला लावून घेतलं." काका म्हणाले, "उगाचच." आणि चहाचं आधण ठेवायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हैदराबादला निघालो. हे कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले आणि माझ्या खांद्याला डोकं लावून झोपले. जालना गेलं, परभणी गेलं. नांदेड आलं तेव्हा अजून ऊन होतं. फलाटावर माणसं एकमेकांना हाका मारत होती, गाडी बराच वेळ उभी राहिली. मी त्यांना उठवलं नाही.